परदेशात व्हेटर्नरी शिकायचंय? आधी एक वही घे

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की मला फलटणहून फोन यायला लागतात. कुणाची भाची, कुणाचा पुतण्या, आप्पांच्या डेअरीवरच्या मित्राची नात. "ताई, तुम्ही ते स्कॉटलंडचं कसं जमवलं?" पहिला प्रश्न टक्क्यांचा, दुसरा पैशांचा. मग मी माझा विचारते: शेवटचं जनावर कधी धरलंस? धरलंस म्हणजे दावं हातात घेऊन, डॉक्टरची सुई टोचून होईपर्यंत. समोरून "म्हणजे?" आलं, की मी गॅस बंद करून खुर्चीत बसते. हा फोन लांबणार.

तो फोन इथं एकदाच लिहून ठेवते.

मी २०१४ ते २०१८ एडिनबऱ्याला शिकले, विल्यम डिकनं १८२३ साली काढलेल्या शाळेत. नाव लांबलचक आहे, पण सगळे 'डिक व्हेट'च म्हणतात. शाळा शहरात नाही. दक्षिणेला पेंटलंडच्या डोंगरांच्या पायथ्याशी ईस्टर बुश नावाच्या जागी आहे. शेजारीच रॉझलिन इन्स्टिट्यूट, जिथं १९९६ साली डॉली मेंढी जन्मली. मी आधी भारतात बीएस्सी केलं होतं, म्हणून पाच वर्षांऐवजी पदवीधरांसाठीच्या चार वर्षांच्या कोर्सला गेले. आता स्कॉटलंडच्या नैऋत्येला, डम्फ्रीजच्या बाजूला, दुधाळ गायींच्या भागात नोकरी करते. त्यामुळे पुढचं सगळं ब्रिटनबद्दल आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलियाची वाट वेगळी, ती त्या वाटेनं गेलेल्यांना विचार.

जायचं का, हे आधी

शिरवळ, परळ, नागपूर, परभणी, उदगीर यांपैकी कुठंही बीव्हीएस्सीची, म्हणजे आपल्याकडच्या पशुवैद्यक पदवीची, सरकारी सीट मिळत असेल तर ती घे. माझं हे म्हणणं ऐकून लोक नाराज होतात. त्यांना वाटतं, स्वतः गेली आणि आम्हाला अडवते. पण साडेपाच वर्षांत इथं जेवढी जनावरं हाताखालून जातात तेवढी तिथं जात नाहीत, आणि खर्चाची तर तुलनाच नको. इथली पदवी घेऊनही बाहेर जाता येतं. ब्रिटनमध्ये काम करायचं तर रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सची (ही शाळा नव्हे, तिथल्या व्हेटची नोंदणी करणारी संस्था) स्टॅच्युटरी मेंबरशिप परीक्षा द्यावी लागते: आधी लेखी, मग प्रात्यक्षिक. अमेरिकेसाठी ईसीएफव्हीजी नावाची वाट आहे. अवघड आहेत, पण शेतावर कर्ज न काढता देता येतात. शिवाय शिष्यवृत्त्यांचं गणित बघ. समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती काय किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज काय, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत. परदेशातल्या व्हेटर्नरी पदवीला त्या लागू नाहीत, मग तू आधीची पदवीधर असलीस तरी. ब्रिटिश हिशोबात ही पदवी 'बॅचलर'च.

मला इथली सीट थोडक्यात हुकली होती. म्हणून बीएस्सी, म्हणून स्कॉटलंड.

तारीख

ब्रिटनचे पदवीचे अर्ज यूकास नावाच्या एकाच खिडकीतून जातात. बाकीच्या बहुतेक कोर्सेसना जानेवारीपर्यंत वेळ असतो. वैद्यकीय, दंतवैद्यक आणि व्हेटर्नरीला नाही. त्यांची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ब्रिटिश वेळेनं सहा, आणि तीही पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरच्या प्रवेशासाठी. म्हणजे बारावी झाल्याझाल्या जायचं तर बारावीच्या सहामाहीच्या सुमारास अर्ज गेलेला हवा आणि अनुभव अकरावीच्या सुट्टीतच घेतलेला हवा. निकालानंतर मला फोन करणाऱ्यांचं निम्मं दुःख इथंच आहे.

व्हेटर्नरीसाठी चारच ठिकाणं टाकता येतात, पाचवं दुसऱ्या विषयाचं. बहुतेक ठिकाणी कोर्स पाच वर्षांचा, केंब्रिजला सहा, आणि तिथं ईसॅट नावाची वेगळी प्रवेशपरीक्षाही आहे. आपल्या एचएससी बोर्डाचे मार्क कुठं चालतात, कुठं किती लागतात, हे प्रत्येकाचं वेगळं. रसायन आणि जीवशास्त्र बहुतेक ठिकाणी हवंच. ज्या चार शाळा टाकणार त्यांच्या प्रवेश कार्यालयाला आपल्या बोर्डाचं नाव लिहून सरळ ईमेल कर. उत्तर येतं, आणि ते लेखी असतं.

शाळा निवडताना इमारतींचे फोटो बघू नकोस, मान्यता बघ. रॉयल कॉलेजची मान्यता असेल तर पास झाल्यावर ब्रिटनमध्ये थेट नोंदणी होते. अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनचीही असेल तर अमेरिकेची परवाना परीक्षा तिथल्या मुलांसारखी देता येते. एडिनबरा, ग्लासगो आणि लंडनचं रॉयल व्हेटर्नरी कॉलेज यांना ती आहे. म्हणूनच माझ्या वर्गात अमेरिकन मुलींची गर्दी होती.

वही

आता मुख्य गोष्ट. मार्क सगळ्यांनाच असतात. चाळणी लागते ती अनुभवाची, आणि अनुभव सांगता येण्याची.

शंभर पानी वही घे. मोबाइलमध्ये नको, गोठ्यात मोबाइल शेणात पडतो. तारीख, जनावर, काय झालं होतं, डॉक्टरनं काय केलं, आणि मला काय कळलं नाही, असे पाच रकाने. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

माझ्या वहीतलं एक पान सांगते. मे महिना, म्हैस, तिसरं वेत, व्यायली पण वार पडली नाही. मालक म्हणत होता, हात घालून काढा. पशुधन विकास अधिकारी साहेबांनी नाही काढली. मालक चिडला, म्हणाला, "आधीचे डॉक्टर काढायचे." शेवटच्या रकान्यात मी लिहिलं: 'का नाही काढली?' दुसऱ्या दिवशी विचारलं. साहेब म्हणाले, ओढून काढली की आतलं अस्तर फाटतं, तुकडे आत राहतात, गर्भाशयात पू होतो आणि म्हैस पुढच्या वेताला उलटत राहते. ताप नसेल तर थांबायचं, लक्ष ठेवायचं. दोन वर्षांनी मुलाखतीत मला विचारलं, 'डॉक्टरनं काहीच न करण्याचा निर्णय घेतला, असा प्रसंग पाहिला आहेस का?' बाकीच्यांनी काय सांगितलं असेल कुणास ठाऊक. मी म्हैस सांगितली.

अनुभव कुठं मिळतो? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सकाळी नऊला जाऊन खोड्याजवळ उभं राहायचं. पहिले चार दिवस कुणी विचारत नाही. पाचव्या दिवशी "पोरी, जरा मोरकी धर" येतं. शिवाय डेअरी, पोल्ट्री, पांजरपोळ, आणि पुण्यामुंबईत मावशीकडे राहून कुत्र्यामांजरांचा एखादा दवाखाना. प्राणी वेगवेगळे हवेत, आणि दवाखान्यातल्या तासांइतकेच दवाखान्याबाहेरचे तासही, म्हणजे निरोगी जनावरांबरोबरचे. लंडनचं कॉलेज दोन्हींचे सत्तर-सत्तर तास मागतं. एडिनबरा अर्जानंतर अनुभवाचा वेगळा तक्ता भरून घेतं. म्हणून प्रत्येक ठिकाणाहून निघताना लेटरहेडवर तारखा, तास आणि सही घेऊनच नीघ. नंतर साहेबांची बदली होते.

माझं नशीब असं, की फलटणला मेंढ्या आहेत. उन्हाळ्यात आमच्या रानात धनगरांचा वाडा बसायचा, खतासाठी. शिवाय गावातच निंबकरांची कृषी संशोधन संस्था आहे. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी जुळी देते. तिच्यातलं ते जनुक दख्खनी मेंढीत आणून त्यांनी 'सुवर्णा' मेंढी तयार केली. तिथं मी पंधरा दिवस कोकरांची वजनं लिहायला गेले होते. हेच जनुक ऑस्ट्रेलियाच्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत सापडतं, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून गेलेल्या मेंढ्यांतूनच ते तिथं पोचलं असं मानतात. हे मला तेव्हा गंमत म्हणून ठाऊक होतं. मेंढ्यांच्या देशात अर्ज करताना त्याचं सोनं झालं. तुझ्या गावाजवळ काय आहे ते बघ. कोकणातली असशील तर शेळ्या, कोल्हापूरची असशील तर म्हशी आणि दूधसंघ. एडिनबऱ्याच्या प्राध्यापकाला लॅब्राडोरबद्दल तू काय नवीन सांगणार?

आणि हे सगळं अर्जासोबतच्या निवेदनात स्वतः लिही. पुण्यातल्या एका एजंटानं मला तयार निवेदन दिलं होतं, 'लहानपणापासून मला मुक्या प्राण्यांची ओढ' इथून सुरू होणारं. पैसेही घेतले. तेच वाक्य त्यानं आणखी किती जणांना विकलं असेल! यूकासकडे निवेदनं ताडून बघणारं सॉफ्टवेअर आहे, सारखेपणा सापडला की ते विद्यापीठांना कळवतात. मी ते फाडलं आणि वही उघडली. माझ्या वेळी एकच सलग निवेदन असायचं. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झालेत: हा कोर्स का, अभ्यासानं तयारी कशी झाली, अभ्यासाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून चार हजार अक्षरं, मोकळ्या जागा धरून. वहीवालीला तिसरा प्रश्न सोपा जातो.

नावाचा घोळ

छोटी गोष्ट आहे, पण हिनंच माझे केस पांढरे केले. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, खाली आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. माझ्या पासपोर्टात वडिलांचं नाव होतं, पदवीच्या कागदावर नुसतं आद्याक्षर. तिकडच्या संगणकाला ह्या दोन वेगळ्या मुली वाटल्या. अकरावीतच सगळे कागद एका रांगेत मांडून बघ आणि जिथं फरक असेल तिथं प्रतिज्ञापत्र करून ठेव. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाकडून मिळणारा गुणांचा उतारा, उन्हाळ्यातच माग. माझी सात आठवडे कुठल्या टेबलावर होती ते सांगत नाही.

पैसे

माझ्या वेळी फी वर्षाला तीस हजार पौंडांच्या आसपास होती, आज ती बरीच वर गेली आहे. राहण्याखाण्याचा खर्च वेगळा. आप्पा म्हणाले, "पाच एकर आहे की, ठेवू गहाण." बँकेच्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, शेतजमीन चालत नाही. कारण साधं आहे. कर्ज बुडालं तर ज्या सरफेसी कायद्यानं बँक तारण विकते, तो शेतजमिनीला लागू नाही. बागायत पाच एकर असून कागदावर आम्ही कफल्लक. शेवटी मामाचा लोणंदचा एनए प्लॉट आणि फ्लॅट मिळून भागलं. तेव्हा घरात बोलणी करायची तर आधी 'एनए काय आहे' इथून कर. मामाशी भांडण असेल तर मिटव.

पौंडाचा भाव स्थिर धरू नकोस. मी गेले तेव्हा तो शंभराच्या जवळ होता. २०१६ ला ब्रेक्झिटचं मतदान झालं आणि उतरून पंच्याऐंशीच्या आसपास आला. सगळा ब्रिटन सुतकात, आणि आमच्या घरी आप्पा फोनवर हसत होते, "अजून एकदा मतदान घ्या म्हणावं." आता तो शंभराच्या बराच वर आहे. हिशोब आजच्या भावाच्या दहा टक्के वर धरून कर.

'तिकडं पार्टटाइम काम करून भागवीन' हे घरी सांगू नकोस, कारण ते होत नाही. व्हिसा सत्राच्या काळात आठवड्याला वीस तासांची परवानगी देतो. व्हेटर्नरीचा अभ्यास ते वीस तास ठेवत नाही, आणि सुट्ट्या तर सुट्ट्याच नसतात. त्याबद्दल पुढं सांगते.

व्हिसाचं थोडक्यात: विद्यापीठाकडून प्रवेश पक्का झाल्याचा कॅस नावाचा क्रमांक, मान्य केंद्रावरची टीबीची तपासणी, दवाखान्याचा अधिभार एकदम सगळ्या वर्षांचा, आणि खात्यात लागणारी रक्कम सलग २८ दिवस. एकविसाव्या दिवशी चुलत्याच्या लग्नासाठी त्यातून पैसे काढले की मोजणी पहिल्यापासून सुरू.

मुलाखत

मला दोन ठिकाणी बोलावलं. एक मुलाखत स्काइपवर झाली. मी इन्व्हर्टर चार्ज करून बसले होते, कारण मंगळवारी आमच्याकडे लाइट जायची, आणि गेलीच. आता बहुतेक शाळा छोट्या छोट्या टेबलांची मुलाखत घेतात. प्रत्येक टेबलावर पाचसात मिनिटं, नवा माणूस, नवा प्रश्न. एकावर बिघडलं तर ते तिथंच सोडून पुढं जायचं.

नैतिक प्रश्न हमखास येतो. कुत्र्याला वेदना आहेत, इलाज आहे, मालकाकडे पैसे नाहीत: काय करशील? आपल्याकडची मुलं पटकन म्हणतात, 'मी फुकट करीन.' दयाळूपणा दिसतो, विचार दिसत नाही. जनावराला आत्ता काय होतंय, स्वस्तातला इलाज कुठला, एखादी धर्मादाय संस्था आहे का, आणि काहीच नसेल तर वेदनारहित मरण देणं हा पर्याय मालकाशी कसा बोलशील, हे मोठ्यानं मांडायचं असतं.

मला अडचणीचा प्रश्न आला तो लाळ्या-खुरकुताचा. आमच्या गावात लाळ्या येतो, लसीकरण होतं, तोंडं तुरटीच्या पाण्यानं धुतली जातात, खुरातल्या अळ्या काढल्या जातात, आणि जनावर बहुधा उठतं. त्यांनी विचारलं, ब्रिटननं २००१ मध्ये काय केलं? मला माहीत होतं, साठ लाखांहून जास्त जनावरं मारली, त्यातली कितीतरी निरोगी. का? कारण तो देश रोगमुक्त होता, ती मुक्तता गेली की मांसाची, जनावरांची निर्यात बंद. मी म्हणाले, "आमच्याकडे एक म्हैस म्हणजे एका घराचा महिन्याचा पगार, ती मारून कुठलाच डॉक्टर गावात राहू शकणार नाही. तुमच्याकडे कळप हा धंदा आहे आणि सरकार भरपाई देतं. रोग एकच, पण तो दोन वेगळ्या देशांत आलाय." बाई लिहीत होत्या त्या थांबल्या आणि बघत राहिल्या. वाईट उत्तर होतं की चांगलं, ते मार्चमध्ये पत्र येईपर्यंत कळलं नाही.

शिकताना

पदवीधरांच्या कोर्सला पहिल्या वर्षात दोन वर्षांचं शरीरशास्त्र कोंबलेलं असतं. मग तिसऱ्या वर्षाच्या मुलांत आपण मिसळतो. शेवटच्या वर्षी व्याख्यानं जवळजवळ नाहीतच. छोट्या प्राण्यांचं रुग्णालय, घोड्यांचं रुग्णालय, शेतावरची प्रॅक्टिस, शवविच्छेदन असं आठवड्याआठवड्यानं फिरायचं. अभ्यास झेपतो. आपल्याला घोकायची सवय असते, ती शरीरशास्त्राला उपयोगी पडते आणि चौथ्या वर्षी नडते. 'ह्या गायीला काय झालंय असं तुला वाटतं?' ह्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर नसतं.

माझी खरी पंचाईत घोड्यानं केली. वर्गातल्या निम्म्या मुली लहानपणापासून घोड्यावर बसलेल्या. मी घोडा पाहिला होता तो चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या रिंगणात, आणि त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावली होती. आता त्याचा पाय उचलून खूर तपासायचा होता. म्हशीच्या बाजूनं जसं निर्धास्त जातो तसं मागून गेले, शिव्या खाल्ल्या. जायच्या आधी दोन आठवडे एखाद्या रायडिंग स्कूलमध्ये लीद काढायला जा.

आता सुट्ट्या. वर्गाबाहेरचं काम रॉयल कॉलेजनं बंधनकारक केलेलं आहे. माझ्या वेळी बारा आठवडे शेतावर आणि सव्वीस आठवडे दवाखान्यांत होतं. ह्या आकड्यांत नंतर बदल झालेत, तुझ्या वर्षाचे विचारून घे. पगार नाही. जागा आपण शोधायची, प्रवास आपला.

एप्रिलमध्ये मी स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या बॉर्डर्स भागातल्या एका डोंगरी शेतावर तीन आठवडे मेंढ्यांच्या विणीला होते. सहाशे मेंढ्या, काळ्या तोंडाच्या स्कॉटिश आणि टेक्सेलचे संकर. माझी पाळी रात्री दहा ते सकाळी सहा. शेतकऱ्यानं पहिल्या रात्री माझे हात बघितले आणि खूश झाला, कारण लहान होते. त्याच्या पंजापेक्षा माझा हात आत सहज जायचा. सरळ येणाऱ्या कोकराचे दोन पुढचे पाय आणि त्यावर टेकलेलं नाक लागतं. पाय लागले आणि डोकं लागलं नाही तर ओढायचं नाही. कोकरू परत आत ढकलून डोकं शोधायचं. जुळ्यांत पाय एकाचा आणि डोकं दुसऱ्याचं असू शकतं, म्हणून पायावरून हात खांद्यापर्यंत, खांद्यावरून मानेपर्यंत न्यायचा आणि एकच कोकरू आहे याची खात्री झाल्यावरच ताण द्यायचा. बाहेर आलं की नाळेला आयोडिन, पोटात चीक. पहिल्या सहा तासांत चीक गेला नाही तर ते कोकरू वाचलं तरी पुढं कशानंही जातं.

तिथं मी एक चूक केली. पहाटे चारला कुंपणाशी गारठलेलं एक कोकरू सापडलं, मी पळत जाऊन त्याला उबेच्या पेटीत ठेवलं. तासाभरात झटके येऊन मेलं. शेतकरी रागावला नाही. त्यानं समजावलं: पाच तासांहून मोठं कोकरू फार गारठलं की अंगातली साखर संपलेली असते. आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन, मग ऊब. उलटं केलंस तर तापलेलं शरीर उरलीसुरली साखर जाळतं. हे पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं.

त्याच सकाळी त्यानं दुसऱ्या एका मेलेल्या कोकराचं कातडं सोडवलं आणि पोरक्या कोकराला अंगरख्यासारखं चढवलं. आईनं हुंगलं, आपलंच म्हणून पाजलं. आमच्या रानातली धनगराची म्हातारी कातडं सोडवत नसे. ती व्यायलेल्या मेंढीचं पाणी पोरक्याच्या अंगाला चोळायची. मी ते शेतकऱ्याला खुणा करकरून सांगितलं, कारण त्याचं बोलणं मला आणि माझं त्याला निम्मंच कळत होतं. त्यानं दुसऱ्या रात्री करून बघितलं.

शेवटचं अवघड. कत्तलखाना. तो अभ्यासात आहे, आणि टाळता येत नाही. जनावर आत येताना निरोगी आहे का, बेशुद्ध नीट झालं का, मांस खाण्याजोगं आहे का, हे बघणं तिथं व्हेटचं काम आहे. माझी आई माळकरी, मी अंड्यापुढे गेलेली नाही. जायच्या आधी हे स्वतःशी ठरव, विमानात बसल्यावर नव्हे. मी आईला दोन वर्षं सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा ती बराच वेळ भाजी निवडत राहिली, मग एवढंच विचारलं, "त्याला कळलं का?" नीट बेशुद्ध केलं तर नाही कळत, म्हटलं. आणि ते नीट होतंय का, ते बघायला मी होते.

सामान

चारचाकीचा परवाना काढून जा. शेतांपर्यंत बस जात नाही, आणि भारतीय परवान्यावर तिथं पहिले बारा महिने गाडी चालवता येते. रस्त्याची बाजूही आपलीच. गमबूट आणि पावसाळी पँट तिथंच घे. इथले गमबूट नेऊ नकोस, आणि गोठ्यात घातलेले तर अजिबात नको. सुट्टीहून परत गेल्यावर काही दिवस तिकडच्या जनावरांत जायचं नाही, लाळ्याचा विषाणू बुटावर प्रवास करतो. रेबीजची आगाऊ लस इथं घेऊन ठेव. डिसेंबरात एडिनबऱ्याला दुपारी पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो, त्याची तयारी कशानंच होत नाही.

तूप आणि साताऱ्याचे कंदी पेढे नेता येत नाहीत. आपल्याकडून दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे, आणि ती मनाई ज्या रोगांसाठी आहे तेच तू शिकायला चालली आहेस. आईनं तरी डबा बॅगेत घातला होता. मी मुंबईच्या विमानतळावर तो मामाच्या हातात परत दिला. लोणचं चालतं.

परत यायचं असेल तर

पास झाल्यावर रॉयल कॉलेजपुढं प्रतिज्ञा वाचायची, नावापुढं एमआरसीव्हीएस, म्हणजे रॉयल कॉलेजची सदस्य, लागतं. एलीन कस्ट ही ब्रिटन आणि आयर्लंडमधली पहिली स्त्री व्हेट. तीही एडिनबऱ्यातच शिकली, दुसऱ्या एका कॉलेजात. अभ्यास १९०० च्या सुमारास पुरा, आणि बाई म्हणून अडवलेली हीच अक्षरं तिला मिळाली १९२२ मध्ये. आता वर्गात मुलीच जास्त. शिक्षणानंतर राहायला ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो अठरा महिन्यांचा होणार आहे. माझ्या वेळी तोही नव्हता, थेट नोकरी देणाराच शोधावा लागला.

पण भारतात काम करायचं तर ही अक्षरं पुरत नाहीत. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात परदेशी पदव्यांची यादी आहे. आपल्या शाळेची पदवी त्यात आहे का, नोंदणीला आणखी काय लागतं, हे अर्ज भरायच्या आधी परिषदेला लेखी विचार. मी विचारलं नाही, आणि नोंदणीही अजून केलेली नाही.

गेल्या दिवाळीत घरी होते तेव्हा आप्पांच्या म्हशीला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली. एका सडातून चुन्याच्या निवळीसारखं पाणी येत होतं. काय द्यायचं, किती द्यायचं, सगळं मला ठाऊक होतं. आप्पांनी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते आले, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, शिरवळचे. त्यांनी सडात ट्यूब सोडली, मी शेपूट धरून उभी होते.